चार गाठींची कलेजी

पुतळाबाईला कुणी खोटं पाडलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सासूशी, नवऱ्याशी, बाजारातल्या गिऱ्हाइकांशी ती आयुष्यभर याच एका कारणावरून भांडली. मग डॉक्टर केंकरे कोण लागून गेले!

वेसाव्याची ही कोळीण मासळीची पाटी सोडून अंधेरीत जनावरांच्या एका प्रयोगशाळेत हंगामी कामाला लागली, तेव्हा अख्खा कोळीवाडा हसला होता. फरशी पुसायची, बरण्या धुवायच्या, डॉक्टर मेलेल्या शेळ्या फाडत तेव्हा हाताशी उभं राहायचं. जन्मभर मासे कापलेल्या बाईला त्यात कसली आलीय शिसारी? सहा वर्षं अशीच गेली. शहाऐंशी साली कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव लागलं आणि नेमका तेव्हाच घोळ झाला.

डॉक्टर कलेजीतल्या किड्यांवर काम करत होते. तळ्याकाठच्या गवतातून हे पानासारखे चपटे किडे शेळीच्या पोटात जातात आणि कलेजी पोखरतात. किडे जास्त तितकी कलेजी खराब, हे डॉक्टरांनी आधीच ठरवून टाकलेलं. बारा शेळ्या फाडून, कलेज्या बरण्यांत आणि किडे बाटल्यांत भरून झाल्यावर तक्ता बघतात तर काय, अकरा नंबरच्या शेळीत एकशे वीस किडे आणि कलेजी बऱ्यापैकी मऊ! चार नंबरच्या शेळीत किडे अवघे नऊ आणि कलेजी दगडासारखी.

"बाईने बरण्या बदलल्या," डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले आणि त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. चूक कबूल करून सही केली तर ताकीद, नाही तर नोकरी संपली.

"कर ना गं सही," दशरथ शिपाई कुजबुजला. "तुझं काय जातंय?"

"माजं नाव जातंय रे मेल्या!"

रबरी मोजा चढवून तिने चार नंबरच्या बरणीत हात घातला आणि कलेजी बाहेर काढली. तिला जाळ्याचा दोरा बांधलेला होता. दोऱ्याला चार गाठी.

"मोज, डॉक्टर."

किड्यांच्या बाटलीतही तसाच दोरा, चारच गाठी. चिठ्ठ्यांवरची शाई औषधात उडते, म्हणून ही तिची युक्ती. शेळीच्या कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर बघायचा, कलेजी पोटात असतानाच तितक्या गाठींचा दोरा बांधायचा, मगच सुरीला हात लावू द्यायचा. मागे डॉक्टरांनी 'हा काय अडाणीपणा' म्हणून ते बंद करायला सांगितलं होतं. बाईने ऐकलं नव्हतं. ऐकते कसली!

"मना खोटी ठरवलास ना? आता बाराच्या बारा उघड."

डॉक्टरांनी उघडल्या. सगळ्या गाठी जुळल्या. मग ते स्वतः सुरी घेऊन बसले. आणखी दोन कलेज्या आतून तशाच कडक निघाल्या, आणि त्यांच्यातही किडे थोडेच होते. दुपार टळली तरी ते जेवायला उठले नाहीत.

"पुतळाबाई," शेवटी ते म्हणाले, "किडा पोखरतोच. पण त्याच्याशी लढता लढता शरीर आपल्याच कलेजीत वण पाडून घेतं, ती कडक होते. अकरा नंबरच्या शेळीत बहुधा किड्यांनी शरीराला गप्प बसवलं. म्हणून किडे वाढले, पण वण कमी. लढाईलाही कुठेतरी लगाम हवा."

"म्हंजे लढली ती दगड झाली, अन गप बसली ती पोखरली," पुतळाबाई म्हणाली. "मंग मी चार नंबरचीच बरी. माज्या कागदाचं काय?"

"सोडा हो. विसरा आता."

"सोडा कसं? सगल्यांसमोर दिलास, सगल्यांसमोर फाड."

दशरथाने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, बाईची वाट लागली. पण त्यांनी कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला. तुकडे खाली पडले.

दशरथ सवयीने वाकायला लागला, तसा पुतळाबाईने त्याचा दंड धरला.

"तू नाय," ती म्हणाली. "डॉक्टर, फरशी मी आत्ताच पुसलीय."

डॉक्टर खाली वाकले आणि एकेक तुकडा वेचू लागले.