भुतांच्या महिन्यातला निळा नर

सकाळी चहाच्या आधी चिन-च्ही सगळ्या पिंजऱ्यांवर पाण्याचा फवारा मारायची. शॅमेलिऑन सरडे पानांवरचे थेंब जिभेने टिपू लागले, की ती वाकून प्रत्येक नराच्या शेपटीचं मूळ न्याहाळायची. नराची इंद्रियं दोन, आणि दोन्ही तिथेच आत दडलेली. फुगवटा दोन्हीकडे सारखा हवा. एक बाजू सुजली किंवा कडक लागली, की त्या नराला मादी नाही, मग गिऱ्हाईक कितीही अडून बसो.

हे पिंजरे ठेवलेल्या, फिंगतुंग जिल्ह्यातल्या शेडमध्ये पूर्वी तिचा नवरा ऑर्किड लावायचा. तो गेला आणि तिने सरडे आणले. गावाने नावं ठेवली. तिने ठेवू दिली.

धाकटा दीर योंग-ह्वा तिच्याकडेच हे काम शिकला. हात चांगला, पण माणूस उतावळा. त्याच्याकडे एक निळा नर होता, त्या वाणाचा शेवटचा. सातव्या चांद्रमहिन्यात, भुतं मोकळी सुटतात त्या दिवसांत, दारापुढे नैवेद्याचं टेबल मांडायला ती त्याच्या घरी गेली आणि सवयीने पिंजऱ्यापाशी वाकली. नर मळकट, डोळे मिटलेला. एक इंद्रिय बाहेर लोंबत होतं, वाळलेलं.

"भावोजी, हे कधीपासून?"

"मादीपाशी सोडला होता, तेव्हापासून. म्हटलं, जाईल आपोआप आत."

"काळं पडलंय ते. मेलंय. लगेच ओलं ठेवून आणला असतात तर वाचलं असतं. आता डॉक्टरने कापायलाच हवं."

योंग-ह्वाने आवाज खाली आणला. "वहिनी, या महिन्यात कापाकापी? माणसंसुद्धा पुढे ढकलतात. महिना संपू दे."

"त्याआधी हा संपेल."

"आणि मोकळे सुटलेले ते चिडले तर?"

"अख्खी कोंबडी मांडलीय तुम्ही त्यांच्यापुढे. ती सोडून तुमच्या सरड्याच्या शेपटीखाली कोण बघत बसणार?"

"हळू बोला हो, ऐकतील!"

"ऐकू देत."

तो पिंजऱ्याची जाळी धरून उभा राहिला. "पण कापलं की वाण बुडालाच ना?"

"दोन असतात, भावोजी! इतकी वर्षं काय शिकलात, माश्या मारायला?"

निघताना तिने टेबलावर एक उदबत्ती मात्र लावली. त्यांना सांगून जावं, एवढंच. मग नराचं शेपूट ओल्या मऊ कापडात घेऊन ती स्कूटरवर दिराच्या मागे बसली. डॉक्टरने मेलेला भाग काढला, टाके घातले. दुसरी बाजू धडधाकट होती.

जखम भरली तरी तिने घाई करू दिली नाही. नर पुन्हा झाडाच्या शेंड्यावर चढून रंग मिरवू लागला, तेव्हा ती म्हणाली, "आता माझ्या शेडमध्ये आणा." मादी शांत राहिली, नर नको म्हणून तोंड वासलं नाही. नर जवळ गेला. काम उरकून नर फांदीवर मागे सरकला, तेव्हा चिन-च्ही वाकली आणि सगळं नीट आत जाईपर्यंत तशीच राहिली.

त्या मादीने अंडी घातली. पिल्लं वाढली, तशी त्यांतल्या नरांवर निळाई चढली. ती बघायला चिन-च्ही नव्हती. शेडमधल्या त्या दिवसानंतरच्या पहाटे ती झोपेतच गेली. आदल्या दिवशी कंबर सरळ करत ती दिराला म्हणाली होती, "मादीला आता वेगळी काढा आणि चला जेवायला, सूप निवतंय."