बसा आपापल्या जागी

पुसदचा तो टायपिंगवाला तिरसट होता, असे लोक आजही सांगतात. साफ खोटे! आमच्या गावाच्या इतिहासाचे प्रत्येक प्रकरण त्याने वेगळ्या फाईलमध्ये ठेवले होते. अख्ख्या पुस्तकाच्या मास्टर डॉक्युमेंटमध्ये ती जोडताना तो मान डोलावत पुटपुटे, ‘या बाप्पाहो, बसा आपापल्या जागी.’

शाळेला जागा माझ्या वडिलांनी दिली, हे माझे प्रकरण पुस्तक काढणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना खुपले. ‘या म्हाताऱ्याचं काढून टाक,’ दुकानात माझ्यादेखत ते टायपिंगवाल्याला म्हणाले. त्याने काढले. मी संतापून उठलो.

अध्यक्ष गेल्यावर तो म्हणाला, ‘काका, थांबा न! कायले तापून राह्यले?’ त्याने माझी फाईल पुन्हा जोडली, पुढच्या पानांचे आकडे आपोआप सरकले, आणि एकच प्रत छापून त्याने माझ्या हाती ठेवली.

आता तिथे मोबाईलचे दुकान आहे. जाता-येता मी उगाच थबकतो. गावात घरोघरी ते पुस्तक आहे. संपूर्ण मात्र माझ्याकडेच.