जुन्या गाडीला निरोप दिल्याशिवाय

ती घटना आठवली की आजही माझं डोकं उठतं. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, वाळूच्या ट्रॅक्टरमागे वैनगंगेच्या पात्रात पळालो; पण एका गाडीच्या चोरीने आणि त्या गाडीच्या मालकाने मला जेवढं छळलं, तेवढं एकाही गुन्हेगाराने छळलं नाही. माणसं भल्या घरची आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

माझी पोस्टिंग तेव्हा साकोलीच्या बाजूला होती. पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळची हजेरी घेऊन मी खुर्चीत बसतो न बसतो तोच एकोडीकडचे एक राईस मिलवाले मालक आत आले. साठी ओलांडलेली, धोतरासारखं पांढरं स्वच्छ शर्ट-पॅन्ट, आणि चेहरा असा की मला वाटलं घरात कोणी दगावलं.

"साहेब, माही गाडी गेली."

"कोणती गाडी?"

"कोणती म्हंजे?" ते माझ्यावरच उखडले. "गाडी!"

ठाणे अंमलदाराने मला हळूच समजावलं, की या तालुक्यात नुसतं 'गाडी' म्हटलं तर ती हीच. चार दरवाजांची, बुटकी, लांबोडकी, परदेशी बनावटीची. दिसायला एखाद्या शाळामास्तराची वाटावी, पण हायवेला लागली की मागे फक्त धूळ. तरुणपणी मालक शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवायचे, स्वतः धुरेवर बसून. पटाचे बैल गेले आणि त्यांच्या जागी ही गाडी आली. ते तिला गाडी म्हणून नव्हे, जोडी म्हणूनच वागवत. पोळ्याला बैलांबरोबर तिच्याही बॉनेटला शेंदूर लागायचा.

जबाब घेताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, गाडी कोण चालवतं?

"मीच. ड्रायव्हर मिलची दुसरी गाडी चालवते. आता तो नागपूरचा डॉक्टर म्हने, तुमची बसल्याबसल्या शुद्ध जाते, स्टेअरिंगले हात लावू नका. डॉक्टरले काय समजते गाडीतलं?"

मी पेन खाली ठेवलं. "मालक, शुद्ध जाते आणि तुम्ही हायवेवर गाडी हाकता? मराल एखाद दिवशी. सोबत दुसऱ्यालाही माराल."

"क्षणभराचं त काम आहे साहेब. डोळ्यापुढं अंधारी येते अन् जाते."

मी त्यांना लायसन्सची, अपघाताची, कलमांची सगळी भीती घातली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "गाडी सापडू द्या, मंग बोलू." गुन्हा नोंदवला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि घटनास्थळी गेलो.

गाडी गोठ्याला लागून बांधलेल्या शेडमध्ये असायची. मालक नातेवाइकांच्या गाडीतून भंडाऱ्याला एका तेरवीला गेले असताना दुपारी ती गेली. कुलूप शाबूत. फाटकावरचा कॅमेरा नेमका त्याच दुपारी बंद. हायवेच्या टोलनाक्यावर नोंद नाही, म्हणजे गाडी आतल्या रस्त्याने गेली. पंचनामा चालू असताना मालकीणबाई चहा घेऊन आल्या. बारीक, शांत बाई. चहा देताना त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, गाडी नाही सापडली त काय होते?"

"काही काळ तपास करतो. नाहीच सापडली तर फाइल बंद."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. माझं लक्ष तेव्हा कुलपाकडे होतं.

यानंतर माझे हाल सुरू झाले. कारण मालक रोज ठाण्यात येऊ लागले, आणि तपासासाठी नव्हे. ती गाडी जुनी झाली होती, कंपनीने बनवणंच बंद केलं होतं, सुटे भाग मिळत नव्हते. त्यामुळे तिच्या जागी दुसरी घ्यायची म्हणून ते वर्षभर नागपूरच्या शोरूमच्या पायऱ्या झिजवत होते. आता त्यांना निर्णयाला माणसं हवी होती आणि ती सरकारी पगारावर माझ्या ठाण्यात आयती बसलेली सापडली.

बाकड्यावर रंगीत पत्रकं पसरायची आणि सुरू. मुलाने सुचवलेली मोठी उंच गाडी? "तो त हेला आहे, निव्वळ रेडा. वजन वाहाले ठीक, पटात कोनी हेला जुंपते काय?" विजेवर चालणारी? "आवाजच नाही तिले. मुका बैल काहून घेऊ?" एक गाडी नाक पसरट म्हणून नापास, एक मागून जड म्हणून, एक चालवताना "खांदा देत नाही" म्हणून. वायरलेसवरचा शिपाई हेल्याच्या बाजूने बोलू लागला, बीट हवालदार विरोधात. एकदा मी रात्रपाळीच्या ड्यूट्या लावत होतो आणि बाहेर माझी अर्धी फौज डिकीत किती पोती मावतात यावर भांडत होती. मी ओरडलो तेव्हा सगळे पांगले, मालक सोडून. ते आत आले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं काय मत आहे?"

माझं मत असं होतं की या माणसाला बैलगाडीही देऊ नये. पण ते बोलून उपयोग नव्हता, कारण निवड झाली होती. या सगळ्या नापासांतून एक पास झाली होती आणि ती जुन्या गाडीपेक्षाही पळणारी होती. शोरूमवाला गाडी द्यायला तयार होता.

"मग घ्या ना ती! इथं कशाला येता?"

"कसा घेऊ साहेब?" त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "आमच्या घरी रीत आहे. जुना बैल ओवाळून, नैवेद्य चारून, पाया पडून त्याले निरोप द्यायचा. मंग नवा दावणीले बांधायचा. माह्या बापानं मोडली नाही, मी कसा मोडू? जुनीच नाही त निरोप कोनाले देऊ?"

म्हणजे चोर मिळाल्याशिवाय या गृहस्थाला नवी गाडी घेता येत नव्हती, आणि ती घेतल्याशिवाय ते माझा पिच्छा सोडणार नव्हते. खरं सांगतो, गाडी सापडू नये असं मला एक-दोनदा वाटून गेलं. सापडली की हा माणूस तिला ओवाळणार, दुसऱ्या दिवशी नव्या गाडीत बसणार आणि कधीतरी डोळ्यापुढे अंधारी आलेली असताना एखाद्या ट्रकखाली जाणार. पण पोलिसाने काय वाटून घ्यावं याला कलम नाही. तपास करणं भाग होतं.

संशय ड्रायव्हरवर होता. घरात त्याचा वावर, चाव्यांची माहिती त्याला, आणि त्या दुपारी तो कुठे होता याचं उत्तर रोज वेगळं. पहिल्या दिवशी शेतावर, दुसऱ्या दिवशी सासऱ्याकडे. त्याच्या मोबाईलचे तपशील मागवले तर त्या दुपारी फोन घरीच बंद पडलेला. मी त्याला रोज बोलवायचो. गाडी कुठे आहे, गोडीने विचारलं, दरडावून विचारलं. उत्तर एकच.

"मले मालूम नाही साहेब."

"अरे, तुरुंगात जाशील. उद्या कोण कामावर ठेवेल तुला?"

"जाईन साहेब," तो म्हणाला आणि खाली पाहत बसला. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती एक तर शपथा घेतात नाही तर रडतात. हा दोन्ही करत नव्हता, एखादं ओझं सांभाळावं तसा बसून होता. मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

आणि रोज दुपारी त्याच्यासाठी डबा यायचा. मला वाटलं बायको पाठवत असेल. एकदा मी डबा उघडायला लावला, तर आत वडाभात, वर गरम तेलाची फोडणी. शिपाई म्हणाला, "मालकीणबाईच्या घरचा आहे साहेब. रोजच येते."

इथं मी थबकलो. ज्या घरात चोरी होते तिथली बाई चोराला शिव्या देते, त्याच्या सात पिढ्या काढते. वडाभात पाठवत नाही. पण नुसत्या वडाभातावर कोणाच्या घराची झडती घेता येत नाही, आणि प्रतिष्ठित घरातल्या बाईला ठाण्यात बोलवायचं तर हातात काहीतरी ठोस हवं. तेवढ्यात नवरात्राचा बंदोबस्त लागला आणि प्रकरण मागे पडलं. मालक मात्र मंडपाच्या बंदोबस्तातही मला शोधत यायचे.

दसऱ्याला आमच्या ठाण्यात शस्त्रपूजा झाली, जीपला हार घातला. दुसऱ्या दिवशी माझा एक जुना खबऱ्या आला. मोहाडी तालुक्यात बैलांच्या व्यवहारात दलाली करणारा माणूस.

"साहेब, करडीले एकाच्या घरी काल नवल पाहिलं. तनसीच्या शेडपुढं नारळ फोडला. आत नुसती तनीस, धानाचा पेंढा. तनसीची पूजा कोन करते?"

"मग?"

"मंग आतून घुर्र आवाज आला. मी शंकरपट फिरलेला मानूस. तो आवाज ट्रॅक्टरचा नाही, जीपचा नाही. तो मालकाच्या गाडीचा आहे. अन् ते घर त्यायच्या साळ्याचं आहे."

करडी म्हणजे मालकीणबाईंचं माहेर. मी कपाळावर हात मारला. तिथल्या पोलिसांना कळवलं, दोन पंच घेतले, ओळख पटवायला मालकांना त्यांच्या घरून जीपमध्ये घातलं, समोरासमोर करायला ड्रायव्हरलाही. निघताना बाई बाहेर आल्या. कुठे चाललो हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या. "मीबी येतो," एवढंच म्हणाल्या.

करडीला शेडमधली तणीस बाजूला केली, ताडपत्री ओढली. खाली गाडी. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार अजून ताजा, चारही चाकांखाली चिरडलेली लिंबं.

"चोरीच्या गाडीला हार?" मी साळ्याला विचारलं.

"दसरा होता ना साहेब. वाहन दारात आहे, पूजा केल्याबिगर कसं ठेवाचं? पाप लागते."

"आणि चालू कशाला केलीत?"

"लिंबू चाकाखाली फोडा लागते ना," तो म्हणाला. महिनाभर पोलिसांना चकवलेली माणसं एका लिंबासाठी सापडली होती.

मालकांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते गाडीभोवती फिरत होते, पाठीवरून हात फिरवावा तसा टपावरून हात फिरवत होते. "हवा कमी आहे टायरात," ते पुटपुटले. मग एकदम साळ्याकडे वळले. "तू? तू चोरली?"

"मी ठेवाले लावली," मालकीणबाई म्हणाल्या. "यानं आणून देली, माह्या शब्दावर. याले शपथ घातली होती मी." ड्रायव्हरने पहिल्यांदा मान वर केली.

मालक खवळले. साऱ्या तालुक्यात अब्रू घालवली, पोलिसांना नाचवलं, नवी गाडी अडली, वगैरे. बाईंनी सगळं बोलू दिलं. मग त्या माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे पाहून बोलल्या.

"उन्हाळ्यात लाखनीच्या पुढं तुमची शुद्ध गेली. मी बाजूले बसली होती. तुमचा पाय दाबूनच होता. मी स्टेअरिंग ओढलं, गाडी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर चढली म्हणून वाचलो. तुमी उठले अन् म्हनले, कोनाले सांगू नको. मी सांगितलं नाही. मले वाटलं, आता तरी सोडाल. त तुमी हिच्याहून जोरात पळनारी पाहून आले." त्यांचा आवाज इतका वेळ सरळ होता, तो इथे फाटला. "तुमची रीत मले मालूम होती. जुनी नाही दिसली त नवी येत नाही, एवढंच सुचलं मले. वर्षभर तुमी गाडीच्या बदली गाडी पाहून राहिले. तुमच्या बदली मी काय पाहू?"

मी जप्ती पंचनाम्याचा कागद हातात धरून तसाच उभा. मालक उजव्या दाराशी गेले, मुठीवर हात ठेवला. बराच वेळ तो हात तिथेच होता. मग ते समोरून वळसा घालून डाव्या बाजूला आले, दार उघडलं आणि बसले. "चाबी घे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "हळू चालव."

गाडी ठाण्यात आणली, मुद्देमालात दाखवली, पुढे कोर्टाच्या हुकमाने सुपुर्दनाम्यावर परत दिली. घरच्याच माणसाने अप्रामाणिक हेतू नसताना हलवलेली गाडी चोरीत बसत नाही, म्हणून गैरसमजातून नोंदला गेलेला गुन्हा असं कारण देऊन 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवली. वरिष्ठांनी विचारलं, महिनाभर तपास कसला केला? मी काय सांगणार?

आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात की चोरीत फायदा कोणाचा ते आधी शोधा. मी पैसा शोधला, वैर शोधलं, विम्याची भानगड शोधली. भीती शोधायचं डोक्यात आलं नाही. पहिल्याच दिवशी एक बाई विचारत होती की गाडी सापडली नाही तर काय होतं, आणि मी कुलूप पाहत होतो. नंतरच्या नोकरीत मी घरातल्या गप्प माणसाशी आधी बोलायला लागलो. बरीच प्रकरणं तिथेच सुटली.

जुनी गाडी मालकांनी रीतसर ओवाळून नागपूरच्या एका गिऱ्हाइकाला दिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं ऐकलं. पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती. गेल्या हिवाळ्यात माझ्या घरापुढे एक लहानशी, गुबगुबीत गाडी थांबली. चालवायला तोच ड्रायव्हर. मागे मालकीणबाई. डाव्या बाजूने मालक उतरले आणि रामराम करायच्या आधीच सुरू झाले.

"काय गाडी आहे साहेब ही? ट्रॅक्टर पुढं जाऊ देत नाही हिले. चढावर त रडते. हिचं तोंड पाहा, तोंड!"

"बोलू द्या भाऊ," मागून बाई म्हणाल्या. "रस्ताभर असंच चालू आहे."

ते बोलत राहिले. चहा आला, थंड झाला. पूर्वी मी चिडून उठलो असतो. त्या दिवशी खुर्ची जवळ ओढली.

"बसा मालक," मी म्हटलं. "आणखी काय काय वाईट आहे या गाडीत, सगळं सांगा."