निर्दोष शे

नववीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात मी राणी झाले होते. भर दरबारात मला ओरडायचं होतं, "महाराज, मी निर्दोष आहे!" आमच्या धुळ्याकडच्या घरात 'आहे'ला 'शे' म्हणतात. ऐन वेळी तोंडातून घरचाच शब्द निघाला, "मी निर्दोष शे!" जळगावच्या त्या शाळेचं अख्खं पटांगण हसलं. मग बाईंनी वर्षभर टोकून टोकून माझा 'शे' घालवला.

परवा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. फेटे बांधून आम्हाला त्याच स्टेजवर बसवलं आणि माझ्या हातात माईक कोंबून सगळे ओरडायला लागले, "राणीसाहेब, डायलॉग!"

मी चिडून, मुद्दाम म्हटलं, "मी निर्दोष आहे."

"तसं नाही, तसं नाही!"

दोन मुलांची आई आहे मी, ऑफिसात मला मॅडम म्हणतात. पण 'शे' म्हटल्याशिवाय मेल्यांनी माईक परत घेतला नाही. शेवटी म्हटलं. पुन्हा तेच हसणं.

खाली उतरले तर गावाहून आईचा फोन. "कोठे शे व तू?"

"शाळेतच आहे अजून," मी म्हणाले.