‘वोर्न आउट’मधला ‘आउट’

“नुसतं ‘वोर्न’ लिही. ‘आउट’ खोड,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

सत्तरच्या दशकात सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर होतो. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला आयटीआयवाला. रुईच्या गाठी उचलणारा हॉइस्ट दर सोमवारी तपासायचा आणि त्याच्या वायररोपची कंडिशन रजिस्टरात इंग्रजीत लिहायची, हे माझं काम.

वायररोप म्हणजे बारीक तारा पिळून केलेला दोर. तो झिजणारच. थोडा झिजला तर वोर्न. नजर ठेवून वापरता येतो. वोर्न आउट म्हणजे झिजून कामातून गेलेला, तो उतरवायचाच. तुटक्या तारा शोधायला आम्ही मूठभर रुई दोरावरून फिरवायचो. तार तुटलेली असेल तिथे रुई अडकते. त्या दिवशी हातभर अंतरातच माझी मूठ रिकामी झाली.

“ऐन सीझन आहे. नवा दोर यायला चार दिवस लागतील,” साहेब म्हणाले. “आणि तू मला इंग्रजी शिकवतोस?”

डोकंच फिरलं माझं. इंग्रजी त्यांचं चांगलंच होतं. म्हणून तर तो शब्द त्यांना नको होता.

“शब्द बरोबर आहे, साहेब. मी खोडणार नाही.”

“राहू दे. हॉइस्ट मी चालू करतो.”

हॉइस्टखाली सात-आठ बाया सांडलेली रुई वेचत होत्या. मी रजिस्टर घेऊन थेट त्यांच्यात गेलो.

“काय लिवलंय, भाऊ?” त्यांच्या मुकादमिणीने, गयाबाईने विचारलं.

“दोर कामातून गेलाय. तरी साहेब त्याच्यावरच गाठी उचलायलेत.”

गयाबाईने वर पाहिलं. “उठा गं समद्या! आमी न्हाई बसत हितं.”

“खाडा मांडीन,” साहेब ओरडले.

“मांडा की! आमचा जीव लय सस्ता हाय व्हय?”

बाया टोपल्या घेऊन दाराबाहेर जाऊन बसल्या. काम ठप्प झालं.

चौथ्या दिवशी नवा दोर आला. जुना मी छन्नीने तोडला. आतून सगळा गंज. तारा बोटांनी वाकवल्या तशा मोडल्या. साहेब बघून गेले.

पुढच्या सीझनला मला बोलावणं आलं नाही. विचारायला गेलो तर “माणसं भरली” एवढंच उत्तर मिळालं. पस्तावा अजिबात झाला नाही. पुढे तीस वर्षं फिटरकी केली ती एकच गोष्ट धरून: रिपोर्ट साहेबासाठी लिहावा, पण वाचून दाखवावा दोराखालच्या माणसांना.