उन्हाचा कोपरा आणि गार पडलेला ड्रम

मी धानाची खरेदी करते. आरमोरीच्या बाजारात मला कोणी शिकवलं नाही, पोत्यांनीच शिकवलं. हात कोपरापर्यंत पोत्यात खुपसायचा. आत ऊब लागली की समजायचं, धान ओलसर भरलंय आणि आतून तापलंय. मग भाव पाडायचा. माझ्या तोंडाला लागायला लोक कचरतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

इतके सौदे केले, पण घराच्या वाटणीचा सौदा माझ्या मागे झाला. मी खरेदीला बाहेरगावी होते आणि नवऱ्याने धाकट्या भावाच्या होला हो केलं. दिराला उन्हाची बाजू मिळाली. आमच्या वाट्याला चिंचेखालच्या खोल्या आल्या. तिथे हिवाळ्यात फरशीवर पाय ठेववत नाही. अंगण तेवढं सामाईक राहिलं, आणि त्यातही ऊन पडतं ते जावेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात मी खताचा ड्रम ठेवला. भोकं पाडलेला, निळा. घरातला ओला कचरा त्यात जायचा.

जाऊ तेव्हा म्हणाली होती, "ठेवा बाई, पन वास आला तं उचलाचा."

मी लगेच कबूल झाले. वस्तू एकदा जागेवर बसली की जागा तिची होते, हे व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही. पावसाळाभर ड्रम गपचूप काम करत होता. झाकण काढलं की तोंडावर वाफ यायची.

मग थंडी पडली. सकाळी झाकण उघडलं तर वाफ नाही. हात घातला तर आत ओल्या मातीसारखं गार. वांग्याची देठं, वाटाण्याची सालं, सगळं टाकलं तसंच होतं. त्याच आठवड्यात जाऊ खिडकीतून बोलली, "बाई, रविवारी पोरीले पाहाले पाहुने येऊन राह्यले. अंगनातच बसवा लागन, घरात गारठा हाय. तोवर वास गेला नाई तं ड्रम बाहेर."

"काऊन वं, तुले आत्ताच वास आला?"

"मले पह्यलेपासून येते. पाहुन्याईले येऊ नये म्हनून सांगून राह्यली."

वास खरंच होता. बारीक, आंबूस. ड्रम एकदा उचलला की तिथे जावेच्या तुळशीची कुंडी येणार, हे मला दिसत होतं. पुतणीचं लग्न मोडावं असं तर मला मुळीच वाटत नव्हतं. ती माझ्या मांडीवर वाढली आहे. 

गार पडलेल्याला गरम द्यायचं, एवढंच मला सुचलं. आमच्याकडे अंगात थंडी भरलेल्या माणसाला काय देतात? भाताची गरम पेज. मी सकाळ-संध्याकाळ पातेलंभर पेज ड्रममध्ये ओतू लागले. वरून प्लास्टिकची ताडपत्री सुतळीने घट्ट बांधली. तासातासाला ताडपत्री सोडून हात घालून बघायची, पुन्हा बांधायची.

नवरा ओसरीवरून बघत होता. "थर्मामीटर आनू का? काखेत लावून पाह्य."

"वाटनीच्या दिवशी तोंड उघडलं असतं तं आज हे पाहा लागलं नसतं."

तो पेपर घेऊन आत गेला.

ओतल्या ओतल्या ड्रम कोमट व्हायचा आणि थोड्या वेळाने आधीपेक्षा गार. दोन दिवसांत खालून चिकट पाणी झिरपू लागलं आणि वास उग्र झाला. जावेने खिडकी लावून घेतली. 

शुक्रवारी बाजारात एकाने पोतं पुढे केलं. माल पावसात भिजलेला. मी हात घातला. आत गार, बोटांना चिकट आणि नाकाला आंबूस. ओलसर धान तापतं, पण भिजून चिंब झालेलं धान तापत नाही, सडतं. वर्षानुवर्षं मी हे दुसऱ्यांना सुनावत आले होते. माझा हात पोत्यातच राहिला. तो म्हणाला, "बाई, भाव सांगा ना." मी म्हटलं, "उन्हात पसरव, मंग ये," आणि तशीच घरी आले.

ड्रम पालथा केला. सगळा गाळ चिंचेपलीकडे, आमच्या बाजूला पसरला. वास आला तर मलाच येऊ दे. दुपारपर्यंत पाणी निथळलं. मग धानाचा पेंढा, आमची तणस, बोटभर-बोटभर तोडून त्यात मिसळली, सागाची वाळकी पानं चुरून घातली, गोठ्यातलं ताजं शेण घातलं. मूठ दाबली की हात ओला व्हावा पण थेंब पडू नये, एवढीच ओल ठेवली. ड्रम काठोकाठ भरला, कारण थोडा माल तापत नाही. बाहेरून तणस लावून बारदान्याने गुंडाळला. भोकं मोकळी ठेवली. ताडपत्री नवऱ्याकडे देऊन टाकली.

सर्वांत अवघड होतं ते न उघडणं. शनिवारी अंगणातून जाताना हात शिवशिवायचा. झाकणाला नाक लावलं तर पानांचा वास यायचा, पण मला माझ्या नाकाचा भरवसा उरला नव्हता.

रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, एकदाच हात घातला. मनगट बुडालं तोवर काही नाही. कोपर टेकलं तेव्हा आत ऊब होती. जिच्यासाठी आयुष्यभर भाव पाडले, तीच. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. जावेने दारात येऊन दोनदा हुंगून पाहिलं आणि ती खुर्च्या मांडू लागली.

पाहुणे उन्हात बसले, ड्रमला पाठ करून. कोणी नाक मुरडेल म्हणून मी चहा देताना त्यांच्या तोंडांकडेच बघत होते. एकाही बाईने पदर नाकाला लावला नाही. होकार-नकार काय तो नंतर कळवतो म्हणाले.

ते गेल्यावर जाऊ संत्र्यांची सालं घेऊन आली. "बाई, हे तुमच्या ड्रममधी टाकू का?"

तिने विचारलं. तुमच्या म्हणाली. मी ते मनात नीट ठेवून दिलं.

"बारीक तुकडे करून आन," मी म्हटलं. "हिवाळ्यात मोठं कुजत नाई."

ती बडबडत विळी आणायला गेली. आभाळ निरभ्र होतं, म्हणजे रात्री गारठा आणखी वाढणार. मी बारदान्याची सुतळी एक पीळ घट्ट केली.