तुळईखालचा मुरलीधर

महिनाभर मी लाकडाचा भुसा अंगारा म्हणून कपाळाला लावत होते. नुसती लावत नव्हते, वाटतही होते. शेजारच्या शांताबाईच्या गुडघ्याला चोळला, तिच्या नातवाच्या जिभेवर खोकल्यासाठी ठेवला. शांताबाईचा गुडघा दुखायचा थांबला, तेव्हा अंगणात उभी राहून मी अशी मान डोलावली, जणू तो गुडघा मीच घडवला होता. तेव्हाची ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी तिला चहा पाजीन, पण तिच्या हातचा प्रसाद काही घेणार नाही.

बदनापूरला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लाकडी तुळई होती. दर दिवाळीला तिला निळा रंग लागायचा, त्यामुळे दिसायला ती नव्या नवरीसारखी. तिच्या एका टोकाखाली भिंतीला ठोकलेली फळी, तेच आमचं देवघर. त्यात पितळेचे चार देव आणि वीतभर उंचीचा शिसवी लाकडाचा मुरलीधर. सासूबाईंच्या माहेरून आलेला. किती पिढ्यांचा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पितळेच्या देवांना रोज अंघोळ, याला मात्र पाणी लावायचं नाही. एकादशीला फक्त तेलाचा हात फिरवायचा. मालक गेल्यापासून माझं आणि देवाचं बोलणं जरा कमी झालं होतं. तेलाचा हात फिरवायची, पण तोंड फुगवून.

त्या साली माझी लेक ज्योती बाळंतपणाला आली. मुलगा झाला. परतूरला तिला सासरी धाडायची तर लेकराच्या पायात चांदीचे वाळे हवेत, कमरेला चांदीचा करदोडा हवा, असं मीच ठरवलं. सासरच्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. पण मला तिच्या सासूसमोर मिरवायचं होतं. माझा लेक एमआयडीसीत कामाला. त्याच्यावर आणखी भार नको, म्हणून मीच त्याला म्हटलं, मुरलीधराचा फोटो काढून मोबाईलवर टाक, जुन्या लाकडी मूर्ती घेणारे लोक असतात म्हणे. तो दोनदा विचारून गेला, माय, नक्की? मी म्हटलं, इतकी वर्षं तेल पितोय, आता घराच्या कामाला येऊ दे की त्याला.

फोटो गेला, त्याच आठवड्यात अंगारा पडायला लागला. सकाळी पाहावं तर मुरलीधराच्या पायाशी, त्याच्यामागे कोरलेल्या गाईच्या पाठीवर पिवळसर बारीक पूड. पुसली तर पुन्हा. वाटलं, देवाला जायचं नाही, म्हणून खूण दाखवतोय. मग लक्षात आलं की ज्योतीच्या लेकराचा पाळणा हलला की पूड जास्त पडते. पाळणा त्याच तुळईला टांगलेला. आता एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? मी असा निष्कर्ष काढला की देव नातवावर प्रसन्न आहे. आणि मी झोके वाढवले. दुपारी लेकरू झोपलं तरी मी आपली झोके देतेच आहे, आणि एक डोळा देव्हाऱ्याकडे. ज्योती म्हणायची, माय, पोराला चक्कर येईल. मी तिला गप्प बसवायची; तुला काय कळतं यातलं, म्हणायची.

लबाडी तर पुढेच. देव खूण दाखवतोय, पण वाळे तर हवेतच. मी मनात तोडगा काढला की अंगाऱ्याचा देव म्हटल्यावर दाम चढवून मागायचा. देवाला घरी ठेवायचंही नाही आणि त्याच्या चमत्काराचा फायदाही सोडायचा नाही. इतकी हुशार मी.

मूर्ती पाहायला जालन्याहून रफीकभाई आले. जुनी दारं, खांब, देव्हारे, मूर्ती यांचा त्यांचा धंदा. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, बोलणं हळू. त्यांनी चप्पल बाहेर काढली, हात धुतले, मूर्ती दोन्ही हातांनी घेतली. उलटी करून पाहिली, नाकाशी नेली, बोटानं बासरी चाचपली. माल बिलकुल निरोगी आहे म्हणाले, लई जपला तुम्ही. मी फुगले. म्हटलं, नुसता निरोगी नाही, अंगारा देतो. त्यांनी पूड चिमटीत घेतली, चोळली, मूर्तीला पुन्हा नीट न्याहाळलं. तिच्यावर टाचणीएवढंही भोक नव्हतं. मग विचारलं, हा कधी पडतो? मी म्हटलं, दाखवते की. आणि उठून पाळण्याला चांगला लांब झोका दिला. लेकरू आत होतं.

पूड पडली. पण रफीकभाई देवाकडे पाहत नव्हते. ते वर पाहत होते. मूर्ती त्यांनी फळीवर ठेवली आणि अगदी हळू, कुणी झोपमोड होईल म्हणून बोलावं तसं म्हणाले,

"मावशी, पाळणा थांबवा. लेकराला उचला. जल्दी."

मी लेकरू उचलून ज्योतीच्या हातात दिलं आणि तिला अंगणात काढलं. त्यांनी स्टूल घेतलं, खिशातली किल्ली तुळईत टेकवली. किल्ली अख्खी आत गेली, भाकरीत बोट जावं तशी. वरून निळा रंग, आत सगळा भुंग्यानं पोखरलेला भुगा.

माझा लेक सुतार घेऊन आला. तुळई उतरवताना पाळण्याची कडी होती, बरोबर तिथेच ती दोन तुकडे होऊन त्यांच्या हातात आली. मी लेकराला छातीशी धरून लिंबाखाली बसले आणि मालक गेल्यानंतर पहिल्यांदा देवापुढे रडले. देव्हारा घरात, मी अंगणात, पण त्याला ऐकू गेलं असावं.

आता तिथे लोखंडी तुळई आहे. ज्योती सासरी गेली ती लेकराच्या पायात काळा दोरा बांधून. तिच्या सासूनं पायांचे मुके घेतले, दोऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुरलीधर आपल्या जागी आहे. देवानं कोणती खूण द्यावी आणि तिचा अर्थ काय असावा, हे पूर्वी मीच ठरवून मोकळी व्हायची. आता ते काम मी त्याच्याकडे दिलंय. तेलाचा हात फिरवते, आणि तोंड फुगवत नाही. शांताबाई मात्र अजून अंगारा मागते. तिला खरं सांगितलंय, पण तिचा विश्वास बसत नाही.

तुळई बदलल्यावर रफीकभाई एकदा वाकडी वाट करून आले होते. मूर्तीचं विचारायला नाही, लेकराचं विचारायला. मी त्यांना पिठलं-भाकरी वाढली आणि म्हटलं, भाऊ, मूर्ती काही देत नाही, पण एक सांगा, लेकराला तुम्ही वाचवलं की त्यानं? त्यांनी फळीकडे पाहिलं, घास गिळला, आणि हसत म्हणाले,

"मी तर एकदाच आल्तो, मावशी. तो महिनाभर तुमच्यासमोर उभा राहून सांगून राह्यला होता, वर बघा म्हणून. अन् तुम्ही त्याचं सांगणं कपाळाला लावून राह्यल्या."